मिसच्या कवळीचे माप

दातांच्या डॉक्टरांकडे येणारी सगळी माणसे तिला कापूसताई म्हणत. डॉक्टरांनी सुई हातात घेण्याआधी पेशंटच्या गालाशी कापसाच्या गुंडाळ्या बसवायचे काम तिचे, आणि ते ती इतक्या हलक्या हाताने करी की रडकी मुले तिच्या बोटांना चावायचे विसरून जात. एकोणिसाव्या वर्षी ती या दवाखान्यात लागली. आता तिला पन्नासावे चालू होते. एवढ्या वर्षांत तिने जितकी तोंडे आतून पाहिली तितके चेहरे बाहेरून पाहिले नसतील. रस्त्यात कोणी ओळख दिली तर तिला आधी दाढ आठवे, मग माणूस.

दवाखान्यात लागली तेव्हा तिला इंग्रजी वाचता येई, पण बोलायची वेळ आली की दातखीळ बसे. सामान पुरवणाऱ्या कंपनीला फोन करायचे काम तिच्याकडे होते आणि त्या फोनचा तिला खुर्चीतल्या पेशंटपेक्षा जास्त धसका असे. पलीकडची बाई दोनदा "काय म्हणालात?" म्हणे आणि तिसऱ्यांदा "डॉक्टरांना द्या." मग ही रिसीव्हर डॉक्टरांच्या हाती देई आणि हत्यारे उकळायच्या निमित्ताने आतल्या खोलीत जाऊन उभी राही.

एका मंगळवारी हा प्रकार घडला तेव्हा खुर्चीत मिस होत्या. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या, पंचेचाळिशीच्या, ताठ पाठीच्या. सगळे गाव त्यांना मिसच म्हणे. तोंडात कापूस आणि लाळ ओढणारी नळी, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हते, पण एक तर्जनी मात्र फोन संपेपर्यंत हवेत वर होती. चूळ भरून झाल्याबरोबर त्यांनी विचारले, "मगाशी फोनवर बोललीस ते शब्द पुन्हा म्हण."

"कुठले, मिस?"

"कुठलेही. सगळ्यांत स्वर एकच होता."

डॉक्टर हसले, कापूसताई लाजली. पण मिस हसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "इंग्रजीत लिहायला स्वर पाच आणि म्हणायला वीस. तुम्ही लोक पाचांतच संसार आटपता. संध्याकाळी सहाला घरी ये. आरसा घेऊन ये."

ती गेली. दर मंगळवारी आणि शनिवारी, दोन वर्षे गेली. मिसच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर असत. मिस तिच्या हनुवटीखाली हात धरत आणि जबडा किती उतरला ते हातानेच मोजत. या स्वराला दातांमध्ये करंगळी मावेल एवढीच फट, त्याला दोन बोटे, आणि ओठ गोल करायचे तर इतके गोल की आरशावर वाफेचे वर्तुळ उमटावे. लांब स्वर किती लांब, हे शिकवायला त्यांच्याकडे दोऱ्याचे रीळ होते. स्वर चालू असेतो दोरा ओढायचा. "स्वर ओढायचा असतो, फरफटवायचा नसतो," असे त्या म्हणत. पहिला महिनाभर तर निव्वळ ॲ. ना आ, ना ए, मधला. कापूसताई हत्यारे उकळताना तो म्हणे, कपडे वाळत घालताना म्हणे.

नवरा छापखान्यात पुस्तके शिवायचा. तो एक दिवस म्हणाला, "अगं, खालचे विचारत होते, वर बकरी पाळलीत का?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, पाळलीय. इंग्रजी जातीची आहे."

दोन वर्षांनी एका सोमवारी तिने कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईने हातमोज्यांचे दोन खोके लिहून घेतले आणि "आणखी काही?" म्हणून विचारले. तेवढेच. कापूसताईने रिसीव्हर ठेवला आणि ती स्टुलावर बसून राहिली. तिला आभार मानायचे होते, पण मिसचे आभार मानणे ही सोपी गोष्ट नव्हती. थँक यू म्हटले की त्या म्हणत, "शेवटचा स्वर ओठ पुढे काढून म्हण. मग पोचतील."

पुढे मिस निवृत्त झाल्या आणि त्याच खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग घेऊ लागल्या. दहा-अकरा जण येत. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारी बाई, इस्पितळाचा लिफ्टवाला, परदेशातल्या नातवंडांशी बोलता यावे म्हणून येणारे एक निवृत्त कारकून. कापूसताई दवाखाना आटोपून जाई, खुर्च्या मांडी, मागच्या रांगेत बसे आणि कच्च्या विद्यार्थ्यांच्या हनुवटीखाली हात धरी. शिकवावे असे तिच्या मनातही नव्हते. मिस असताना आपण कशाला तोंड उघडायचे?

मिस पंचाहत्तरीत पोचल्या आणि त्यांचे उरलेले दात हलू लागले. डॉक्टरांनी एकेक करून सगळे काढले. हिरड्या भरून यायला दोन महिने लागणार होते, म्हणून मिसनी वर्गाला सुटी दिली. कापूसताई अधूनमधून डोकावे, पण मिस रुमाल तोंडाशी धरून मान हलवून बोलत. पुरे दोन महिने तिने त्यांच्या तोंडून एक धड स्वर ऐकला नाही.

मग माप घ्यायचा दिवस आला.

डॉक्टरांची एक पद्धत होती. कवळीची उंची ठरवायची तर माणूस बेसावध असावा लागतो, आणि "सैल बसा" म्हटल्यावर आजवर कोणीही सैल बसलेला नाही. म्हणून नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर शाईचा एकेक ठिपका काढून डॉक्टर गुपचूप बाजूला उभे राहत आणि कापूसताई गप्पा लावी. पाणी आले का, गुडघा कसा आहे, भाचीचे कुठे जमले का. बोलून झाले, ओठ आपसूक मिटले आणि जबडा निवांत झाला की ती मानेने खूण करी. तत्क्षणी डॉक्टर दोन ठिपक्यांमधले अंतर पट्टीने मोजत. तेवढ्यावर सगळी कवळी उभी राहायची. एकतीस वर्षांत तिची खूण कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी मात्र तिने गुडघ्याचे विचारले नाही. मिसच्या तोंडात मेणाचे साचे बसवले होते, गाल पुन्हा भरून आले होते, चेहरा जुना दिसत होता. तिला राहवले नाही. "मिस, एकदा बारा स्वर म्हणा ना," ती म्हणाली. "आधी बारा साधे. जोडस्वर राहू द्या."

मिस खुर्चीत ताठ झाल्या. पाहुण्यांपुढे गायला बसल्यासारखी मान उचलून त्यांनी एकेक स्वर सोडला. दवाखान्यातला पंखासुद्धा ऐकत असल्यासारखा वाटला. शेवटच्या स्वरानंतर त्यांनी, सवयीप्रमाणे, तोंड तसेच धरून ठेवले. वर्गात मागच्या रांगेला जबड्याची ठेवण नीट दिसावी म्हणून त्या नेहमीच तसे धरून ठेवत. कापूसताईचे डोळे भरून आले. किती छान, अशा अर्थाने तिने मान हलवली.

डॉक्टरांनी पट्टी लावली.

कवळी दोन आठवड्यांत तयार झाली. बसवली तेव्हा मिसचे ओठ जरा ओढल्यासारखे दिसत होते, पण नवी कवळी सगळ्यांनाच सुरुवातीला जड जाते असे डॉक्टर म्हणाले आणि कापूसताईनेही री ओढली. येत्या शनिवारी वर्ग सुरू, असा निरोप सगळ्यांना गेला. त्या शनिवारी नेमका सासूबाईंना ताप होता, म्हणून कापूसताई गेली नाही.

काय झाले ते तिला बुधवारी कळले. घोषणावाली दात साफ करून घ्यायला आली होती आणि नळी तोंडात असतानाच सांगत होती, त्यामुळे अर्धे कळायला वेळ लागला. मिसनी पहिले वाक्य म्हटले आणि प्रत्येक शब्दाला वरचे दात खालच्यांवर आपटले. टक. टकटक. लिफ्टवाला भाबडेपणाने म्हणून गेला, "मिस, टाइपरायटर आणलात की काय?" सगळे हसले. मिसही हसल्या. उरलेला तास त्यांनी फळ्यावर लिहून काढला. रविवारी दारावर कागद लागला होता, 'वर्ग कायमचा बंद.'

"आम्ही सगळे त्या नव्या क्लासला जाणार आता," घोषणावाली चूळ भरून म्हणाली. "चौकातला हो, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीवाला. पुढल्या आठवड्यात नावं घालायची. तुम्हीपण येता?"

कापूसताई त्याच संध्याकाळी मिसच्या दारात उभी राहिली. मिसनी दार उघडले, तोंडाशी रुमाल. आत गेल्यावर त्यांनी वही पुढे ओढून लिहिले, 'डॉक्टरांना सांग, दात उत्तम आहेत. तोंडच म्हातारं झालंय. त्याला इलाज नाही.'

"रुमाल काढा, मिस. मला नुसतं बघू दे."

मिसनी रुमाल काढला. कापूसताईला पेन्सिल-पट्टी लागली नाही. ओठ मिटत नव्हते. मिटवायला गेल्या की हनुवटीला सुरकुत्या पडत होत्या. दात गरजेपेक्षा उंच होते, चार मिलिमीटर तरी. आणि ते उंच का, हेही तिच्या लक्षात आले. पट्टी डॉक्टरांनी लावली होती, पण मिसचे तोंड अजून उघडे असताना मान तिने हलवली होती. मिसच्या तोंडाचे माप नव्हे, मिसच्या शिकवण्याचे माप घेतले होते त्या दोघांनी.

सकाळी दवाखाना उघडताच, झाडूसुद्धा न मारता तिने डॉक्टरांना सगळे सांगितले. डॉक्टर तापट होते. बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली म्हणून त्यांनी एका कंपाउंडरला घरी पाठवले होते, हे ती विसरली नव्हती.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तू खूण केलीस असं मला वाटलं," ते म्हणाले.

"खूण नव्हती ती, डॉक्टर. मला आवडलं म्हणून मान हलली."

"हं. आणि मला काय झालं होतं? पट्टी माझ्याच हातात होती ना? चाळीस वर्षं मापं घेतोय मी. बाईंचं ते ऐकता ऐकता माझीही तंद्री लागली, दुसरं काय." त्यांनी चष्मा चढवला. "बोलाव त्यांना. नवी करू. आणि ही जुनी आजपासून बंद, हिरड्या सोलवटल्या असतील. तीन आठवडे तोंड मोकळं."

मिसना चूक कोणाची हे कापूसताईने स्पष्ट सांगितले. मिसनी ऐकून घेतले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वहीत लिहिले, 'वेडी आहेस. माझे स्वर ऐकून कोणी भान हरपलं, हे या वयात ऐकायला मिळालं.' खाली आणखी एक ओळ होती, 'पण तीन आठवडे मी कोणाला तोंड दाखवणार नाही. मुलं जाऊ देत.'

मुले म्हणजे ते साठीचे कारकूनही आले. कापूसताईला ठाऊक होते, ही मंडळी एकदा तीस दिवसांच्या क्लासात गेली की परत यायची नाहीत, आणि रिकाम्या खुर्च्या पाहून मिस पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत. नवी कवळी मग नुसती जेवायच्या कामाची. हातात उरले होते पाच दिवस.

ती घरी आली ती विचारातच. सासूबाई खिडकीत उभ्या होत्या. तोंडात औषधालासुद्धा दात नाही. कवळी करून देते म्हटले तर म्हणत, "दात गेल्यावर माझं कोणी ऐकायचं थांबलंय का?" खालून शेजारीण चालली होती, तिला त्या हाका मारत होत्या. "एऽऽऽ! अगं एऽऽ! ओऽऽ वहिनी!"

शेजारीण वळली. कापूसताई पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने पुढे होऊन सासूबाईंच्या हनुवटीखाली हात घातला.

"आई, पुन्हा म्हणा बरं."

"काय गं? सोड! हिला काय झालं आज?"

"नुसतं ए म्हणा. आणि ओ."

"एऽऽ. ओऽऽ. झालं समाधान? माझे दात गेलेत, आवाज नाही गेला!"

जबडा सैल, जीभ आपल्या जागी, ओठ गोल. दातांचा कुठे संबंधच आला नव्हता. स्वर म्हणताना दात लागतातच कुठे? हवा मोकळी बाहेर येते. दात लागतात ते स, फ, त, थ यांना. तीस वर्षे ती रोज लोकांच्या तोंडात बघत होती आणि ही गोष्ट तिला आज दिसली.

शनिवारी सकाळी ती सासूबाईंना रिक्षात घालून मिसच्या घरी घेऊन गेली. "आईंना इंग्रजी शिकायचंय," ती म्हणाली. सासूबाईंना वाटेत फक्त एवढेच सांगितले होते की एका बाईंना बोलते करायचे आहे. त्या आनंदाने तयार झाल्या. लोकांना बोलते करणे हे त्यांचे आवडते काम.

मिसनी रुमालाआडून भुवया उंचावल्या. कापूसताईने सासूबाईंना खिडकीपाशी बसवले. "आई, ॲ म्हणा."

"आ."

"आ नाही. ॲ."

"ए."

"ए नाही हो, आई."

"मग तूच म्हण की! मला काय, मी आपली पाहुणी." आणि त्यांनी एक दणदणीत, कोणत्याही भाषेत नसलेला आवाज काढला.

मिसच्याने ते बघवेना. रुमाल मांडीवर पडला. "नाही, नाही, ओठ नका ताणू! जबडा खाली सोडा. खाली. आता म्हणा. ॲ."

'ताणू' आणि 'सोडा'चा तर पार लगदा झाला होता. पण तो स्वर खणखणीत होता, तीस वर्षांपूर्वी याच खिडकीत होता तसाच. सासूबाईंनी मिसच्या तोंडाकडे निरखून पाहिले आणि त्या खुशीत म्हणाल्या, "अगंबाई, तुमचेपण नाहीत का? मग बरं झालं. आता आपलं जमेल." आणि त्यांनी बिनचूक ॲ म्हटला.

मिस हसायला लागल्या. हिरड्या दिसतात याची फिकीर न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी वही घेतली, थोडा विचार केला आणि वही बाजूला सारली. लगद्याच्या भाषेत त्या म्हणाल्या, "शब्द तू म्हणायचेस. स्वर मी म्हणेन."

"मी? सगळ्यांसमोर?"

"तुझीच चूक आहे ना? मग भरून काढ."

कापूसताईने दुपारी घरोघर जाऊन निरोप दिला. संध्याकाळी सहाला नऊ जण आले, दोघे पुढल्या आठवड्याची वाट न पाहता नव्या क्लासात नाव घालून मोकळे झाले होते. लिफ्टवाला सगळ्यांत शेवटी आला आणि दारातच घुटमळला. "मिस, त्या दिवशी माझ्या जिभेला हाड राहिलं नाही."

"माझ्या तोंडात दात राहिले नाहीत," मिस म्हणाल्या. "बस."

कापूसताई फळ्याजवळ उभी राहिली. हातपाय गार पडले होते. तिने एक शब्द म्हटला. खुर्चीत बसलेल्या मिसनी त्यातला नुसता स्वर म्हटला, बिनदाताचा, सोललेल्या फळासारखा उघडा. वर्गाने तो उचलला. पुन्हा शब्द, पुन्हा स्वर. मागेपुढे व्यंजनांची गर्दी नसल्यामुळे कानाला चुकायला जागाच उरली नव्हती. चार वर्षे ॲ आणि ए यांत गल्लत करणाऱ्या कारकुनांना त्या संध्याकाळी दोन्ही वेगळे ऐकू आले. त्यांनी ते पाचदा म्हणून बघितले आणि खाली मान घालून कितीतरी वेळ चष्म्याच्या घराशी चाळा करत राहिले. "नातवाला सांगतो," एवढेच म्हणाले.

तीन आठवड्यांत सहा वर्ग झाले. तिसऱ्या वर्गाला कापूसताईचे हात गार पडायचे थांबले. पाचव्याला ती शब्द म्हणता म्हणता आपसूक खुर्च्यांमधून फिरू लागली आणि हनुवट्यांखाली हात धरू लागली, तेव्हा मिस खुर्चीत मागे रेलून बसल्या. ते ती बघत नव्हती. मिस मात्र बघत होत्या.

दुसऱ्यांदा माप घेतले तेव्हा डॉक्टरांनी आधीच बजावले, "आज संगीत नको." कापूसताईने मिसना स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल विचारले. नळवाला तीनदा येऊन गेला होता आणि तीनदा नळ अधिक गळू लागला होता. मिस तावातावाने सांगत सुटल्या, शेवटी "असली माणसं!" म्हणून वैतागून गप्प बसल्या. ओठ मिटले. कापूसताईने मान हलवली, आणि या वेळी ती खूण होती.

कवळी चांगली झाली. टकटक नाही, ओढ नाही. मिस तिने जेवतात, बाजारात भाव करतात, नळवाल्याला झापतात. फक्त मंगळवारी, स्वरांच्या दिवशी, त्या ती काढून पाण्याच्या वाटीत ठेवतात आणि नव्या विद्यार्थ्यांना त्याचे कारण सांगत बसत नाहीत. शनिवारचा वर्ग आता कापूसताईचा आहे. त्या दिवशी मिस मागच्या रांगेत बसतात. पहिल्या शनिवारी वर्ग संपल्यावर कापूसताई त्यांच्याजवळ गेली, वाकून नमस्कार केला आणि शेवटचा स्वर ओठ पुढे काढून, नीट, घाई न करता, थँक यू म्हणाली.

मिसनी डोळे मिटून तो ऐकला. "पोचला," त्या म्हणाल्या. "आता खुर्च्या दुसऱ्या कोणाला तरी लावायला सांग. तू शिकवतेस."